मुद्दाम पाडलेली खाच

चाकणच्या आमच्या शॉपमध्ये मापं घ्यायला काय नव्हतं? मायक्रोमीटर होते, तऱ्हेतऱ्हेचे गेज होते, थंड ठेवलेल्या खोलीत एक मोठं मोजणी यंत्रही होतं. तरी माल पास की नापास हे शेवटी माणसाच्या नखावर ठरायचं. सरकारी अवकाश संस्थेकडून एक तपासणी अधिकारी यायचे. त्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत. सगळे आकडे जुळले, सह्या झाल्या, की साहेब चष्मा कपाळावर सरकवत आणि तयार टाकीवरून अंगठ्याचं नख सावकाश फिरवत. नख कुठे अडलं की ते काही बोलत नसत. हात तिथेच ठेवत. आम्हाला कळायचं की ही टाकी आज जात नाही.

टाकी म्हणजे गोल, टायटॅनियमची, साधारण कलिंगडाएवढी. अवजड रॉकेटमध्ये इंधन इंजिनापर्यंत ढकलायला खूप दाबाखालचा गॅस लागतो, तो भरून ठेवायची. तिचे दोन अर्धगोल आमच्याकडे कातले जात, जोडले जात, आणि मग धुऊन, पुसून, पेटीत बसून दूर जात. शॉपमध्ये तिला कलिंगडच म्हणायचे. "कलिंगड धुतलं का?" असं कोणी ओरडलं की नवीन माणूस चमकायचा.

साहेबांच्या नखाआधी टाकीवरून मामांचं नख फिरायचं. मामा आमचे फोरमन. चाकणजवळच्याच गावातले, शेतकरी घरातले. कंपन्या आल्या तेव्हा तरुणपणी लेथवर उभे राहिले ते तिथेच मोठे झाले. साहेब यायच्या आधी ते प्रत्येक टाकी मांडीवर घेऊन बसायचे. बारीकसा ओरखडा लागला तर छोट्या बफने, म्हणजे चकाकी आणायच्या मऊ चाकाने, तो नाहीसा करायचे. "साहेबाचं नख अडायच्या आदी आपलं अडलं पायजे," हे त्यांचं म्हणणं. हे कुठल्या नियमात नव्हतं. पण आमच्या शॉपचा माल परत येत नव्हता आणि त्यात या सवयीचा वाटा आहे, हे साहेबांसकट सगळे जाणून होते.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून आले. वडिलांची पिठाची गिरणी. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. दहावीपासून इंजिनिअरिंगपर्यंत मी एकाही विषयात नापास झाले नाही. ते हुशारीमुळे झालं, असं गावात सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे नापास व्हायची सोय नव्हती. घरात जे काही होतं ते एकाच पोरीमागे लावलेलं होतं. दुसऱ्यांदा लावायला काही उरलेलं नव्हतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी आई माझ्याशी हळू आवाजात बोलायची, जणू घरात कोणी आजारी आहे.

असं वाढलेल्या मुलीला सरकारी कामाची पद्धत पहिल्या दिवसापासून कळली. तिथे सगळं पहिल्याच वेळी बरोबर यायला हवं होतं. टाकीच्या धातूचा तुकडा कुठल्या भट्टीतून आला इथपासून तिला शेवटी पुसणाऱ्या माणसापर्यंत सगळ्याची नोंद. एकदा आम्हाला मशीनवर वापरायचं कूलंट बदलायचं होतं, म्हणजे कातताना धातूवर सोडतात ते पाणी. दिवाळीत विचारलं आणि होकार आला तेव्हा बाजारात हापूस आला होता. बाकीचे इंजिनिअर वैतागले. मला मनातून बरं वाटलं. इतके लोक इतका विचार करतात, म्हणजे काही चुकणार नाही. गेजरूममध्ये स्टुलावर बसून मापं घेताना मला फार सुरक्षित वाटायचं. ते स्टूलही मामांनीच आणून दिलं होतं. "उभ्यानं डोळं दमतात, मॅडम," म्हणाले होते.

मग खासगी रॉकेटवाले आले.

ते तरुण लोकांचं टोळकं होतं. आधी लहान रॉकेट केलेलं, आता अवजड करायला निघालेले. त्यांच्यातला एक जण आमच्याकडे यायचा. साताऱ्याकडचा, माझ्याच वयाचा, पाठीवर सॅक, पायात चपला. शॉपमध्ये सेफ्टी शूज घालावे लागतात म्हणून दरवेळी गेटवरून कोणाचे तरी मोठे बूट मागून घ्यायचा आणि त्यात फटक फटक करत फिरायचा. त्यांनाही गोल टाकीच हवी होती, पण जितकी पातळ करता येईल तितकी पातळ. पहिल्या भेटीत त्याने ड्रॉइंग टेबलावर पसरलं, चहा मागवला, आणि चहा गार व्हायच्या आत पेनने त्यातलं एक माप खोडून दुसरं लिहिलं.

मी विचारलं, "हे कोणाला विचारून बदललं?"

"तुम्हाला," तो म्हणाला. "जमेल ना?"

मामा मागे उभे होते. तो गेल्यावर म्हणाले, "ह्यांचं काय खरं न्हाई. लगीन ठरलंय का न्हाई ते म्हाईत न्हाई आन मांडव घालाय निघाल्यात."

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझं प्रोबेशन संपत आलं होतं. मालक सरळ बोलणारे आहेत. म्हणाले, "हे नवीन काम तू बघ. पहिल्या टाकीची टेस्ट नीट झाली तर तुला कायम करतो आणि या कामासाठी ठेवलेला शॉपचा मागचा सगळा कोपरा तुझा. नाही झाली तर मला दुसरं माणूस बघावं लागेल. आत्ताच सांगतो, नंतर वाईट वाटून घेऊ नकोस."

मी "हो सर" म्हणाले. काळेवाडीतल्या माझ्या खोलीवर जाताना बसमध्ये घरी फोन लावायचा मी टाळला. वडिलांना फोनवर 'कायम' हा शब्द सांगितला होता आणि त्यांनी तो गिरणीवर आलेल्या प्रत्येकाला सांगितला असणार, हे मला न विचारता माहीत होतं.

त्याच सुमारास कॅन्टीनमध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता. परदेशातलं एक प्रचंड खासगी रॉकेट वर गेलं आणि हवेतच त्याच्या चिंधड्या झाल्या. आणि खाली ते बनवणारी पोरं टाळ्या वाजवत होती, शिट्ट्या मारत होती. आमच्या टेबलावर हशा पिकला.

"येडी झालीत का राव? फुटलं तर टाळ्या?"

"आपल्याकडं एक टाकी फुटू दे, मालक टाळ्या कुठं वाजवतील बघ. आपल्या गालावर!"

साहेब त्या दिवशी तपासणीला आलेले, आमच्यातच जेवायला बसले होते. ते हसले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "हसू नका रे. त्यांना फोडून शिकता येतं. एक फुटलं तर मागे दुसरं तयार उभं असतं. आपल्याला फोडायची परवानगीच नाही. आपलं मोठं रॉकेट वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी उडतं आणि त्या दिवशी शाळांमध्येसुद्धा टीव्ही लावतात. फुटलं तर सगळा देश विचारतो, का फुटलं? मग आपण काय करतो, जमिनीवरच इतकं तपासतो की वर काही शिकायचं शिल्लक राहू नये."

"मग बरोबर कोन, साहेब?" मामांनी विचारलं.

"ज्याला जे परवडतं ते त्याचं बरोबर," साहेब म्हणाले आणि ताक मागितलं.

मला ते ऐकून आमचं घर आठवलं. आम्हाला काय परवडत होतं हे मला चांगलं ठाऊक होतं.

खासगी लोकांची पहिली टाकी तयार होत आली, तेव्हा तो साताऱ्याचा इंजिनिअर नवीन मागणी घेऊन आला. टाकीच्या बाहेरच्या अंगावर एका जागी मुद्दाम एक खाच पाडायची. तांदळाच्या दाण्याएवढी लांब, अगदी उथळ. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

तो म्हणाला, "कितीही जपलं तरी टाकीवर कधीतरी टोचा लागणारच. आपल्याला दिसलाही नाही तर? म्हणून आपणच आधी टोचा पाडायचा, टाकीत पाणी भरायचं, दाब चढवायचा, उतरवायचा, परत चढवायचा. खाचेतून चीर किती वाढते आणि शेवटी काय होतं ते बघायचं."

"शेवटी काय व्हायला पाहिजे?"

"दोन गोष्टी होऊ शकतात. एकतर एकदम फाडकन फुटेल. किंवा आधी गळेल. गळली तर सोनं! गळणारी टाकी ओरडून सांगते की मला उतरवा. फुटणारी काही सांगत नाही."

"आणि फुटली तर?"

"तर जाड करू. पण कळलं पाहिजे."

त्या दिवशी मामा रजेवर होते. त्यांच्या गावची यात्रा होती आणि शर्यतीच्या घाटात बैलगाड्या पळणार होत्या. अशा दिवशी चाकणच्या निम्म्या कंपन्यांत गावातली माणसं सापडत नाहीत. आम्ही स्पार्क मशीनवर खाच पाडली. त्यात तांब्याचं पातळ पातं ठिणग्यांनी धातू कोरतं. मी भिंगाखाली खाच मोजली, बरोबर होती. तिच्यावर निळी टेप लावली म्हणजे कोणाचा हात लागणार नाही. दोन दिवसांनी टाकी गरम पाण्यात धुतली गेली आणि माझ्या नकळत पेटीत बसून टेम्पोत चढली.

टेस्ट भोसरीला होती. खासगी लोकांनी तिथे एका दिवसासाठी एक शेड घेतली होती. जाड लोखंडी पिंजरा, त्यात टाकी, बाहेर पंप आणि पडद्यावर दाबाचा आलेख. दुसऱ्या दिवशी ती शेड दुसऱ्या कोणाला दिलेली होती. मालकांनी मला आणि मामांना पाठवलं. मामांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि येताना चाकणच्या चौकातून पेढे घेतले होते.

"हे कशाला मामा?"

"पयलं काम हाय तुमचं. न्हाई कसं म्हनता?"

सकाळी पंपवाल्याने टाकी बसवून पिंजरा बंद केलेला होता, खाच मागच्या अंगाला असेल असं आम्ही धरून चाललो; पंप सुरू झाला. दाब चढला, थांबला, उतरला. परत चढला. दर चढावाला मी मुठी आवळत होते. पिंजऱ्यात टाकी शांत. फेऱ्या होत गेल्या. इंजिनिअर पडद्याला नाक लावून बसला होता आणि मध्येमध्ये मान हलवत होता. जिथे चीर आरपार जायला हवी होती ती फेरी गेली. त्याच्या पुढच्याही गेल्या. शेवटी त्याने पंप बंद करायला सांगितला. टाकीला काहीही झालेलं नव्हतं.

मामांनी टाळी वाजवली. एकट्याने, मोठ्याने. मग पेढ्यांचा पुडा उघडून पंपवाल्याच्या हातावर पेढा ठेवला, इंजिनिअरच्या हातावर ठेवला. "घ्या साहेब! चाकनचा माल हाय. असा फुटत न्हाई."

इंजिनिअर पेढा हातात धरून तसाच उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता. कोणीतरी लग्नात जाऊन अक्षता टाकाव्यात आणि मग कळावं की मांडव चुकला, तसे मामा त्याच्याकडे बघत राहिले.

"का फुटली नाही?" इंजिनिअर स्वतःशीच म्हणाला. "गळली पण नाही. असं होऊच शकत नाही."

तो पिंजऱ्यात शिरला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि टाकी फिरवून फिरवून बघू लागला. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, खाच कुठे आहे?"

मी आत गेले. टेप नव्हती. जिथे खाच होती तिथे टाकी आरशासारखी गुळगुळीत होती. मी नख फिरवलं. काही लागलं नाही.

मागून मामांचा आवाज आला. "खाच? तो वरखडा होता तो?"

आम्ही दोघं वळलो.

"पेटीत घालायच्या आदी मी हात फिरवला," मामा म्हणाले. "टेप धुताना निघालेली. एका जागी नख अडलं. वाईच बफ मारला, झालं." ते माझ्याकडे बघू लागले. "काय झालं? मोप मारला का? जास्त न्हाई काढलं मी."

"मामा," मी म्हणाले, "ती मुद्दाम पाडली होती."

"मुद्दाम?"

"हो. तुम्ही यात्रेला होता तेव्हा."

मामांनी टोपी काढली. मग हळूच म्हणाले, "मालावर मुद्दाम कोन वरखडा पाडतं, पोरी?"

काही दिवसांपूर्वी मलाही हेच वाटलं होतं. मी इंजिनिअरला म्हणाले, "यांची चूक नाही. आमच्याकडे शेवटी हात फिरतोच, ते मला माहीत होतं. मी यांना सांगायला हवं होतं." हे बोलताना माझ्या डोळ्यांसमोर मालकांची केबिन होती. एका टाकीसाठी इतके आठवडे लागलेले, शेडचा एकच दिवस, आणि त्यातली सकाळ एका गुळगुळीत टाकीला पाणी पाजण्यात गेली. सरकारी काम असतं तर इथेच सगळं थांबलं असतं. तपासणीनंतर मालाला हात लागला म्हणजे टाकी बाद, चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत सगळे बसून. आणि ते योग्यच होतं, असं मी तोपर्यंत मानत आले होते.

तेवढ्यात मालकांचा फोन आला. मी खरं ते सांगितलं. शेड किती वाजेपर्यंत आहे ते त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "आजचा दिवस वाया गेला तर ते लोक दुसरीकडे जातील. आणि मग तुझं-माझं काय ठरलंय ते तुला माहीत आहे." एवढं बोलून फोन ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी परत आले तेव्हा इंजिनिअर पेढा खात होता.

"मामा, तुम्ही आमची अख्खी टेस्ट पॉलिश करून टाकलीत," तो म्हणाला आणि त्याला हसू फुटलं. मामांना काही हसू आलं नाही. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. इंजिनिअरने ते बघितलं आणि हसू आवरलं. "अहो, वाईट नका वाटून घेऊ. खाच नसेल तर टाकी एवढ्या फेऱ्या सहन करते हे तरी कळलं. हे आम्ही बघणारच नव्हतो. आता असं करू, परत खाच पाडू. बफ मारलेल्या जागेच्या शेजारी. इथे जवळ कोणाकडे स्पार्क मशीन आहे?"

"भोसरीत?" मामा म्हणाले. "दोन गल्ल्या सोडून हाय की. माज्यासंगं कामाला होता एक, त्याचंच वर्कशॉप."

मी म्हणाले, "असं कसं? दुसऱ्याच्या शॉपमध्ये? ते मंजूर केलेलं नाही. परवानगी कोणाची घ्यायची?"

"माझी," इंजिनिअर म्हणाला. "दिली. चला."

टाकी सॅकसारखी छातीशी धरून तो पुढे, मी आणि मामा मागे. गल्लीत रिक्षा, माल चढवणारे टेम्पो, रस्त्यावर आलेली लोखंडी पट्ट्यांची भेंडोळी. माझ्या आयुष्यात मी कुठल्याही टायटॅनियमच्या टाकीला अशी उघड्यावर, भज्याच्या गाडीसमोरून जाताना बघितलं नव्हतं. मला भीतीही वाटत होती आणि कोण जाणे का, चालताना पाय हलके पडत होते.

मामांचा जुना सोबती बनियनवर मशीनशी उभा होता. टाकी बघून त्याने हात पुसले. "भारी हाय. काय दुरुस्ती?"

"दुरुस्ती न्हाई," मामा म्हणाले. "बिगडवायची हाय."

"आं?"

"चांगली हाय, ती बिगडवायची. वरखडा पाडायचा. आदी पाडलेला, तो मी काढला. आता परत पाडायचा."

"मामा, सकाळपासून काय घेतलंय का?"

"पेढं घेतल्यात. तूबी घे. आन गप मशीन लाव."

तांब्याच्या पत्र्याचं पातं मामांनी स्वतः कापलं आणि घासलं. त्यांचे हात या कामात तरबेज. तरी पातं टाकीवर टेकवून मशीन सुरू करायची वेळ आली तेव्हा ते मागे सरकले. "तुमी दाबा बटन, मॅडम. माज्यानं व्हायचं न्हाई." मी बटण दाबलं. तेलाखाली ठिणग्या तडतडल्या. खाच पडली. त्या सोबत्याच्या भिंगाखाली मी ती मोजली आणि इंजिनिअरला दाखवली. या वेळी टेप लावली नाही. मामांनीच आपल्या गमछ्यात टाकी गुंडाळली आणि शेडपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.

दुपारी पंप परत सुरू झाला. शेड संध्याकाळपर्यंतच आमची होती, त्यामुळे जेवायला कोणी गेलं नाही. दाब चढायचा, थांबायचा, उतरायचा. दोन गोष्टींपैकी एक व्हायला हवी होती. फाडकन फुटली तर टाकीचं डिझाइन बदलावं लागणार, काम लांबणार. पण निदान कळणार. काहीच झालं नाही तर दिवस गेला आणि त्याच्याबरोबर माझं कामही. मी मनात म्हणत होते, काहीतरी होऊ दे. आयुष्यात पहिल्यांदाच मी माझ्या हातचं काहीतरी मोडावं म्हणून नवस बोलल्यासारखी उभी होते. माझ्या बाजूला मामा मात्र उलटं काहीतरी पुटपुटत असावेत. त्यांचे ओठ हलत होते आणि नजर टाकीवरून हलत नव्हती.

फेऱ्या होत राहिल्या. बाहेर ऊन उतरत आलं. पंपवाला घड्याळाकडे बघायला लागला. इंजिनिअरने मान हलवणं थांबवलं होतं, आणि ते बघून मला जास्तच भीती वाटली.

मग पडद्यावरची रेघ चढता चढता एकदम खाली वळली. आवाज झाला नाही. मी पिंजऱ्याकडे बघितलं. टाकीच्या अंगातून पाण्याची एक धार निघाली होती, सुतासारखी बारीक, सरळ, ताठ. ती पिंजऱ्याच्या जाळीवर आपटून तिचे तुषार उडत होते आणि दारातून आलेल्या उन्हात ते दिसत होते.

"गळली!" इंजिनिअर ओरडला. "गळली! फुटली नाही, गळली!" त्याने पंप बंद करायला लावला आणि इथेही गेटवरून मागून घेतलेल्या मोठ्या बुटांत उड्या मारायला लागला. एक बूट निघून पंपाखाली गेला.

मामा माझ्याकडे वळले. "म्हंजी पास का नापास?"

"पास, मामा."

"गळून पास?"

"गळून पास."

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. मग पिंजऱ्याजवळ जाऊन ओल्या टाकीवर हात ठेवला. नख फिरवलं नाही, नुसता तळवा ठेवला. "शानी हाय," म्हणाले. "सांगून गेली."

मी शेडच्या बाहेर येऊन पायरीवर बसले. इंजिनिअरने माझ्यादेखत मालकांना फोन लावला. सकाळच्या घोळाबद्दल तो चकार शब्द बोलला नाही असं नाही, त्याने सगळं सांगितलं, हसत हसत सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "पुढच्या टाक्याही तुमच्याकडेच करू. तुमच्या मॅडमच बघतील ना? बघू दे. फक्त मामांना यात्रेला जाण्याआधी ड्रॉइंग दाखवत जा." मग फोन माझ्या हातात दिला.

मालक म्हणाले, "उद्या सकाळी केबिनमध्ये ये. पत्र तयार करायला सांगतो." मग फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आणि जेवलीस का?"

मी जेवले नव्हते हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

नंतर कधीतरी ही गोष्ट मी साहेबांना सांगितली. मला वाटलं, ते नाक मुरडतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आम्हीही खाचा पाडतो, बाई. टाकीचं डिझाइन पहिल्यांदा केलं तेव्हा अशा कितीतरी फोडल्या असतील. फक्त ते एका लांबच्या बंद प्रयोगशाळेत होतं आणि सगळं समजल्यावर मगच ड्रॉइंग तुमच्याकडे येतं. तुम्हाला आमची धीराची बाजू दिसते, चुकांची दिसत नाही." हे ऐकून मला इतकं हायसं वाटलं की सांगता येत नाही. इतकी वर्षं मी समजत होते की जगात काही लोक कधीच चुकत नाहीत आणि मला त्यांच्यासारखं व्हायचंय. तसं कोणी नव्हतंच. चुकायची एक जागा सगळ्यांनाच लागते. कोणी ती आधी आणि आडोशाला ठेवतो, कोणी उघड्यावर. मला ती मिळाली भोसरीत, आणि ती मिळताना माझ्याबरोबर मामा होते आणि एक हसरा माणूस होता, हे माझं भाग्य.

त्या संध्याकाळी मात्र एवढा विचार सुचला नव्हता. मामा टेम्पोबरोबर चाकणला गेले. मी भोसरीहून काळेवाडीला जायला बसमध्ये चढले, खिडकीशी जागा मिळाली, आणि बस सिग्नलला अडकल्यावर घरी फोन लावला. मागे गिरणीचा घरघराट येत होता. वडिलांनी पट्टा थांबवला असावा. आवाज हळूहळू बसला.

"काय झालं गं? आज ते फोडायचं होतं ना?"

"हो. फुटलं नाही, बाबा. गळलं."

"गळलं?" त्यांचा आवाज उतरला. "आता?"

"आता काही नाही. चांगलं झालं."

"गळलं आन चांगलं झालं?"

"हो. गळावं म्हणूनच तर चाललं होतं सगळं."

मागून आईने काहीतरी विचारलं, त्यांनी तिला "थांब" म्हटलं.

"तू ते राहू दे," ते म्हणाले. "मला एवढं सांग, कायम केलं का न्हाई?"

"केलं. उद्या पत्र देतायत."

"मग गळू दे की!" वडील म्हणाले, आणि आईला सांगायला फोन तसाच चालू ठेवून धावले.